आतड्याचं अस्तर भरून यावं म्हणून काय करायचं

लातूरला माझी पॅथॉलॉजीची लॅब आहे. एंडोस्कोपी करताना डॉक्टर आतड्यातून दोन-तीन मिलिमीटरचे जे तुकडे काढतात, ते फॉर्मॅलिनच्या बाटलीतून माझ्याकडे येतात. रिपोर्ट न्यायला औशाहून, अहमदपूरहून, कळंबहून माणसं येतात आणि काउंटरवरच कागद उलगडून विचारतात, "मॅडम, आतून सूज आहे म्हणता, मग हे आता नीट होणार का?" बहुतेकांना मी 'होणार' असंच सांगते, आणि नुसता धीर द्यायला सांगत नाही. लहान आतड्याचं अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवं होतं. कातडीला त्याच कामाला महिना लागतो.

मग लोकांचं पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं का राहतं? कधी खरोखर मोठा आजार असतो. पण बऱ्याच वेळा अस्तर भरून येत असताना आपणच त्यात खोडा घालतो. लेकराला संडास लागली की त्याचं खाणं तोडतो. कंबर दुखली की मेडिकलमधून गोळी आणून रोज घेतो. पोट जड वाटलं की एरंडेल पिऊन 'साफ' करतो. यातलं काय सोडायचं, त्या जागी काय करायचं आणि किती दिवस वाट बघायची, ते इथे लिहिते आहे.

आत काय चालतं ते आधी बघा

तुकडा आला की आम्ही तो मेणात बसवतो, त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढतो आणि दोन रंगांत रंगवतो. तुकडा मेणात आडवा पडला तर स्लाइडवर काही उमगत नाही, म्हणून माझी टेक्निशियन भिंगाखाली चिमट्याने तो काठावर उभा करते. नीट बसला की रसांकुर, म्हणजे अस्तरातून वर आलेले बोटांसारखे उंचवटे, एका ओळीत उभे दिसतात, अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे. त्यांच्या पायथ्याशी खोल खळग्या असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. योहान लीबरक्यून या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७४५ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. निरोगी तुकड्यात रसांकुराची उंची खळगीच्या खोलीच्या निदान तिप्पट असते. स्लाइड हातात आली की मी पहिल्यांदा हेच प्रमाण बघते.

नव्या पेशी जन्मतात त्या खळगीच्या तळाशी. तिथे मूलपेशी असतात. मॅकगिल विद्यापीठातल्या चेंग आणि लब्लाँ यांनी १९७४ मध्ये खळगीच्या तळाच्या सडपातळ पेशींकडे बोट दाखवलं होतं. त्यांची खात्रीची खूण, एलजीआर-५ नावाचं प्रथिन, नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये शोधली. दोनच वर्षांनी तिथे तोशिरो सातो यांनी अशी एकच मूलपेशी घेऊन प्रयोगशाळेतल्या बशीत खळग्या आणि रसांकुरांची रचना असलेलं चिमुकलं आतडं वाढवून दाखवलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. एका पेशीतून सगळं अस्तर उभं राहू शकतं, म्हणजे खळगीचा तळ शाबूत असेल तर आशा शाबूत आहे.

तळाशी जन्मलेली पेशी खळगीतून वर सरकते, रसांकुरावर चढते आणि चढता चढता आपलं काम शिकते. कुणी अन्नरस शोषते, कुणी बुळबुळीत स्राव सोडते. शेंड्याला पोचली की सुटून आतड्याच्या पोकळीत पडते. आषाढीच्या दिंडीत मागचे चालत राहतात म्हणून पुढचे सरकतात, आणि एखादा बाजूला झाला तर लगतचे दोघं जवळ येतात, रांग तुटत नाही. इथेही तसंच होतं. जुनी पेशी पूर्ण सुटायच्या आधीच शेजारच्या पेशी तिच्या खालून एकमेकींना धरतात. त्यामुळे रोज अब्जावधी पेशी गळूनही अस्तराला भोक पडत नाही. पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणाऱ्या या जोडणीला टाइट जंक्शन म्हणतात. मॅरिलिन फार्कर आणि जॉर्ज पॅलाडे यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ती स्पष्ट दाखवली. ती ज्या प्रथिनांची बनते त्यातली क्लॉडिन नावाची प्रथिनं जपानमधल्या शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने १९९८ मध्ये शोधली.

एवढ्या घट्ट जोडणीलाही मोजून मापून वाट सोडावी लागते, कारण पाणी, क्षार, साखर, प्रथिनांचे तुकडे आत घेणं हेच तर आतड्याचं काम आहे. म्हणून संरक्षण एकट्या पेशींवर सोडलेलं नाही. त्यांच्या वर बुळबुळीत स्रावाचा थर असतो. संडासातून तो जास्त पडायला लागला की आपण 'आव पडते' म्हणतो. लहान आतड्यात हा थर एकेरी आणि सैल असतो. मोठ्या आतड्यात तो दुहेरी असतो आणि त्याचा आतला पदर इतका दाट की जंतू सहसा त्यातून पेशींपर्यंत पोचत नाहीत. खळगीच्या तळाशी मूलपेशींना लागून पॅनेथ पेशी बसतात, त्यांचं वर्णन १८८८ चं. त्यांच्यात झगझगीत लालसर दाणे भरलेले असतात आणि त्या दाण्यांत जंतू मारणारी द्रव्यं असतात. शिवाय अस्तराखालच्या पेशी 'आयजीए' नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) रोज पोकळीत सोडतात.

हे सगळं सांभाळणाऱ्या पेशींचा थर मात्र एकच. एकावर एक अशा दोन पेशीसुद्धा नाहीत. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. पसरला तर टेनिसचं मैदान भरेल असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये नीट मोजमाप करून सगळ्या पचनमार्गाचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटरच्या आसपास असल्याचं दाखवलं. तेही काही थोडं नाही.

लेकराला संडास लागली, तर पहिले पाच दिवस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

रोटाव्हायरस रसांकुराच्या शेंड्याकडच्या, कामाला लागलेल्या पेशींमध्ये शिरतो. त्या मरतात, रसांकुर खुजे होतात, पाणी शोषलं जात नाही आणि लेकराला पाण्यासारखी संडास लागते. पण खळगीच्या तळाच्या मूलपेशी बहुतेक करून वाचतात आणि दुप्पट जोमाने पेशी तयार करायला लागतात. म्हणजे पुढचे काही दिवस अस्तर अहोरात्र बांधकामात असतं. या काळात त्याला दोनच गोष्टी हव्यात, पाणी आणि अन्न. आपल्याकडे आजी म्हणते, "पोटाला आराम द्या, काही देऊ नका." आजीचा जीव तुटत असतो म्हणूनच ती असं म्हणते. तिला समजावून सांगा की आत नव्या पेशी तयार होत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आपलं इंधन थेट आतड्यात आलेल्या अन्नातून घेतात. अन्न आलंच नाही तर रसांकुर आणखी बारीक होतात.

पहिल्या पातळ संडासपासूनच ओआरएस सुरू करा, लेकरू मलूल व्हायची वाट बघू नका. मोठी पुडी एक लिटरची असते. ती अख्खी एकदम, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात घाला. पेल्यात चिमूट-चिमूट टाकून देणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात साखर आणि मिठाचं प्रमाण बिघडतं आणि तेच प्रमाण सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुडीवर २०० मिलिलिटर लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घ्यायचं. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश सुरू करा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त होता कामा नये, चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी फेकून नवं करा.

हे पाणी काम कसं करतं तेही कळू द्या, मग ते देताना हात आखडणार नाही. आतड्याच्या पेशीच्या तोंडावर एक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्याला शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचं विष सशाच्या आतड्यात दाखवलं होतं. कॉलऱ्यात पेशी मरत नाहीत, त्या विषामुळे पाणी ओतत राहतात, आणि सोडियम-ग्लुकोजची ही वाट मात्र चालू राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. आज मिळणाऱ्या पुडीतलं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये थोडं सौम्य केलेलं आहे, त्याने संडास आणि उलट्या दोन्ही कमी होतात.

दुसरी गोष्ट झिंकची गोळी. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, पूर्ण चौदा दिवस. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायची. आशाताईंकडे पुडी आणि गोळ्या दोन्ही मिळतात. संडास तिसऱ्या दिवशी थांबली की गोळ्यांची पट्टी फडताळात जाते, हे मी घरोघर बघते. कृपा करून चौदा दिवस पुरे करा. झिंक नव्या पेशींच्या वाढीला लागतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतली संडासही त्याने कमी होते.

आईचं दूध एक वेळही तोडू नका, उलट जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला मऊ मुगाची खिचडी, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, दहीभात, कुस्करलेलं केळं, ताकातल्या ज्वारीच्या कण्या. थोडं-थोडं, दर तीन तासांनी. वरचं दूध पिणाऱ्या मोठ्या लेकराचं पोट दुधाने फुगत असेल आणि संडास वाढत असेल तर चार-सहा दिवस दुधाऐवजी दही द्या. दुधातली साखर फोडणारं द्रव्य रसांकुराच्या वरच्या भागातल्या पेशीच बनवतात. त्या नव्याने तयार झाल्या की दूध पुन्हा सोसतं. तेव्हा 'याला दूध चालतच नाही' असा शिक्का जन्मभरासाठी मारू नका. बाटलीतलं थंड पेय आणि डब्यातला फळांचा रस देऊ नका, त्यातली जास्तीची साखर आतड्यात आणखी पाणी ओढते.

संडास बांधणारी गोळी लहान लेकरांना देऊ नका. अँटिबायोटिकही मनाने नाही. पाण्यासारख्या संडासाला बहुतेक वेळा त्याचा उपयोग नसतो आणि अस्तराला पोसणारे चांगले जंतू मात्र मरतात. संडास थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या. याच दिवसांत लेकरू गेलेलं वजन भरून काढतं. रोटाव्हायरसची लस आता सरकारी लसीकरणात फुकट आहे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. ती चुकवू नका.

पाण्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे टँकर सुरू होतात आणि घरात आठ-आठ दिवसांचं पाणी साठतं. तुरटी फिरवली की गाळ बसतो, पण तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. ते उकळा, किंवा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनची गोळी अथवा द्रावण टाकून अर्धा तास थांबा, आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. लेकरू वरचेवर घाण पाणी पीत राहिलं तर संडास न लागताही त्याचे रसांकुर खुजे होतात, अस्तर सैल पडतं, आणि दोन घास खाऊनही ते अंगी लागत नाही. जिथे पाणी आणि संडासाची सोय वाईट, त्या त्या देशांत हे आढळलं आहे. अशा लेकराला टॉनिकच्या बाटल्या पाजून उपयोग नाही.

दुखण्याच्या गोळ्या

दिवाळीच्या आसपास केज, धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटेपासून कोयता, मग मोळ्या डोक्यावर. अंग दुखणारच. कोप्यांवर डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या पट्ट्या मिठासारख्या घरात असतात. त्या घेणाऱ्या बायांना मी दोष देत नाही, दुसऱ्या दिवशी उभं राहायचं असतं. पण या गोळ्या आत काय करतात ते त्यांना कुणीच सांगत नाही, याचा मला राग येतो.

आपलं शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवतं. दुखणं आणि सूज त्याने वाढते, आणि अस्तरावरचा बुळबुळीत थर, त्याचा रक्तपुरवठा, पेशींची डागडुजी हेही त्याच्याच भरवशावर चालतं. या गोळ्या ते द्रव्यच बंद करतात. जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं. दुखणं थांबतं आणि अस्तर उघडं पडतं. ही गोष्ट रक्तातून घडते, म्हणून जेवून घेतली तरी आणि इंजेक्शन घेतलं तरी धोका जात नाही. सोबत दिलेली अॅसिडिटीची गोळी जठर आणि त्याच्या लगतचा भाग राखते. पुढचं लहान आतडं ती राखत नाही. तिथे बारीक जखमा होतात, त्यांतून थेंब-थेंब रक्त जातं, आणि बाई माझ्याकडे येते ती हिमोग्लोबिन सात घेऊन.

म्हणून आधी पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत. दारू पिणाऱ्याने तेही डॉक्टरांना विचारूनच. शेक, चोळायचं मलम, आणि जमेल तेवढी विश्रांती. डायक्लोफिनॅकसारखी गोळी घ्यावीच लागली तर कमीत कमी मात्रा, मोजके दिवस, आणि एका वेळी एकच जात. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध असू शकतं, ते मागच्या बाजूला वाचून घ्या किंवा दुकानदाराला विचारा. संडास डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होते, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते. हृदयाच्या डॉक्टरांनी अॅस्पिरिन दिलेलं असेल तर मात्र हे वाचून ते स्वतःहून बंद करू नका, त्यांना विचारा.

गोळी थांबवली की छोट्या ओरखड्याच्या कडेच्या पेशी काही तासांतच चपट्या होऊन उघड्या जागेवर सरकतात आणि ती झाकतात, मग खळगीतून नव्या पेशी येतात. खोल जखमेला आठवडे लागतात, पण तीही भरते.

उन्हाचंही इथेच सांगते. एप्रिल-मेमध्ये दुपारी वावरात राबताना शरीर रक्त कातडीकडे आणि स्नायूंकडे वळवतं, आतड्याला कमी पडतं आणि अस्तराची जोडणी सैल होते. त्यात दुखण्याची गोळी घेतली तर आणखी. दुपारचं काम टाळा, मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस पीत राहा.

रोजच्या ताटात काय असावं

मोठ्या आतड्याच्या पेशी वेगळ्याच वाटेने पोसल्या जातात. आपण न पचवलेला अन्नातला तंतू (फायबर) तिथे पोचतो, जंतू तो आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. विल्यम रोडिगर यांनी १९८० मध्ये दाखवलं की या पेशींच्या ऊर्जेचा मोठा वाटा, सुमारे ७० टक्के, त्यातूनच येतो. तंतू मिळाला नाही तर काही जंतू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे.

आपल्या मराठवाड्याला यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतो, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. प्रौढ माणसाला दिवसाला तीसेक ग्रॅम हवा. दोन वेळा ज्वारीची भाकरी, तुरीचं किंवा मुगाचं वरण, अंबाडी, चुका, शेपू, तांदुळजा यांतली एक पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, एवढ्यात तो बराचसा भरतो. गार झालेल्या भाकरीतला काही स्टार्च पचायला अवघड होऊन मोठ्या आतड्यातल्या जंतूंपर्यंत पोचतो, म्हणून सकाळची शिळी भाकरी आणि ताक ही न्याहारी मला फार आवडते. ती झाकलेली, कोरडी आणि बुरशी न धरलेली असली पाहिजे, एवढंच.

वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे वावरात जी भज्जी होते, तिच्यात तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पाला आणि हंगामातलं जे मिळेल ते एकत्र शिजतं. सोबत ज्वारीची आंबील आणि बाजरीचे उंडे. इतक्या तऱ्हांचा तंतू एका पानात दुसरीकडे मला दिसलेला नाही. ती वर्षातून एकदाच का करायची? हिवाळाभर आठवड्याला एकदा करा.

मैद्याच्या बिस्किटांवर राहणाऱ्या माणसाने मात्र एकदम ढीगभर तंतू खाऊ नये, पोट गुबारतं. दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा, पाणी वाढवा. नुकतीच संडास लागून गेली असेल तर आठवडाभर मऊच खा.

प्रथिनं विसरू नका. पाच दिवसांत नवं होणारं अस्तर कशातून तरी बनणार आहे: डाळ, अंडं, दही, शेंगदाणे. शेवग्याचा पाला आणि गडद पालेभाज्यांतून मिळणारं 'अ' जीवनसत्त्व अस्तराच्या पेशींना आपलं काम शिकायला लागतं.

गहू बंद करण्याआधी

सीलिएक नावाच्या आजारात गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही. रसांकुर पार सपाट होतात आणि खळग्या मात्र लांबतात, कारण मूलपेशी नुकसान भरून काढायला धडपडत असतात. आपल्याकडे हा आजार पंजाब-हरियाणाइतका आढळत नाही, पण आढळतो. वर्षानुवर्षं रक्त कमी, पोट फुगलेलं, उंची खुंटलेली, अशी पोरं त्यात निघतात.

शंका आली तर आधी तपासणी, मग पथ्य. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासणं. गहू महिनाभर आधीच सोडला असेल तर अँटिबॉडी उतरतात, रसांकुर सुधारायला लागतात, आणि मला स्लाइडवर खात्रीने काही सांगता येत नाही. मग बिचाऱ्याला पुन्हा गहू खायला लावून तपासावं लागतं. निदान पक्कं झालं की ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका बेधडक खा. फक्त गिरणीकडे लक्ष द्या. आधी गहू दळलेल्या जात्यात तुमची ज्वारी पडली तर पिठात गहू आलाच. त्या घराने वेगळी घरघंटी घ्यावी, किंवा गिरणीवाल्याला सांगून जातं नीट साफ करून घ्यावं. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, वेष्टण वाचा. इथे मात्र पाच दिवसांचा हिशेब चालत नाही. मोठ्या माणसाचे रसांकुर पूर्ण उंचीला यायला एक-दोन वर्षंही जातात. बरं वाटणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, म्हणून मध्येच पथ्य मोडण्याचा मोह होतो. तो आवरा.

जुलाब, पावडरी आणि महागड्या तपासण्या

आतडं आतून घाण साठवून बसतं आणि ते धुवावं लागतं, हे खरं नाही. जे अस्तर स्वतःच दर काही दिवसांनी गळून नवं होतं, त्यावर वर्षांची घाण चिकटून राहील कशी? एरंडेल किंवा कडक जुलाब घेतला की पाणी, क्षार आणि बुळबुळीत थर वाहून जातो. बद्धकोष्ठ असेल तर तंतू, पाणी, इसबगोल, आणि तरीही जमलं नाही तर डॉक्टर. धडधाकट मोठ्या माणसाने एकादशी केली तर अस्तराचं काही बिघडत नाही. लेकरांना आणि आजारातून उठलेल्यांना मात्र लंघन घडवू नका.

'लीकी गट' म्हणजे गळकं आतडं, या नावाखाली हजारो रुपयांच्या पावडरी विकल्या जातात. अस्तराची जोडणी सैल पडते हे खरं आहे, मी वर लिहिलंच आहे. पण ती आजाराने, औषधाने, उन्हाने, घाण पाण्याने सैल पडते, आणि ते कारण दूर केल्यावर सुधारते. शंभर पदार्थांना 'अॅलर्जी' दाखवणारी आयजीजी तपासणी करू नका. आयजीजी ही दुसऱ्या जातीची अँटिबॉडी, ती दिसली म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच. मी लॅब चालवते आणि ही तपासणी करून देत नाही. जुनाट संडासाला उपयोगी तपासण्या वेगळ्या आहेत: हिमोग्लोबिन, संडासाची साधी तपासणी, कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी संडासाची तपासणी), टीटीजी, थायरॉइड.

केमोथेरपी चालू असलेल्यांनी वेगळी काळजी घ्यायची. ती औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातात आणि खळगीच्या तळाच्या पेशी तशाच असतात. म्हणून औषधानंतर काही दिवसांनी तोंड येतं, संडास लागते. घरगुती उपाय करत बसू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. ताप असेल तर रात्री असला तरी.

वाट न बघता निघा

लेकरू दूध ओढत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी सावकाश खाली बसत असेल, सहा तासांत लघवी झाली नसेल, घेतलेलं सगळं उलटून पडत असेल किंवा संडासात रक्त असेल, तर त्याच वेळी दवाखान्यात जा आणि वाटेत ओआरएस पाजत राहा. संडास चौदा दिवसांच्या पुढे गेली तरीही दाखवा. मोठ्या माणसाचं वजन विनाकारण उतरत असेल, रात्री झोपेतून संडासला उठावं लागत असेल, रक्त कमी निघत असेल, तर अस्तर आपोआप भरेल म्हणून थांबू नका.

बायोप्सीला जाताना गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून घेऊन जा आणि तपासणीच्या कागदावर त्यांची नावं लिहायला सांगा. गहू खाता की नाही तेही लिहायला सांगा. सुजलेला रसांकुर माझ्यासमोर असतो तेव्हा तो गोळीने सुजला, जंतूने की गव्हाने, हे अनेकदा स्लाइडपेक्षा त्या दोन ओळींतून मला लवकर कळतं.